शिकता शिकता सेवा, सेवा करता करता शिक्षण



तुमच्या गावातला कोणी ना कोणी आजारपणासाठी मुंबईला आला असेल. आला असेल तर तो बहुधा परळला गेला असेल. परळला केईएम रुग्णालय आहे. त्याच्या शेजारीच टाटांचे कर्करोगाचे रुग्णालय आहे. बायकांच्या बाळंतपणाचे आणि लहान मुलांचे, अशी वाडियांची दोन रुग्णालये आहेत. थोडे पुढे हाफकिन संस्था आहे. पूर्वी या भागाला गिरणगाव म्हणत. परळ, लालबाग, शिवडी इथे कापडाच्या गिरण्या होत्या. गिरण्या गेल्या, चिमण्यांचा धूर गेला, पण दवाखान्यांपुढची रांग गेली नाही. कोकणातून, घाटावरून, मराठवाड्यातून, थेट बिहारातून माणसे इथे येतात.

आलेला माणूस गावी परत गेला की एक तक्रार हमखास सांगतो. तो म्हणतो, "अहो, तिथे मोठा डॉक्टर पाच मिनिटे आला. बाकीचा सगळा वेळ पोरंच आमच्याभोवती. एक येतो, नाडी बघतो. दुसरा येतो, तेच विचारतो. आम्ही काय पोरांना शिकायला ठेवलेली पुस्तकं आहोत?"

तक्रार खोटी नाही. आम्हीही एके काळी हीच तक्रार करीत होतो. पण पुढे एक गोष्ट अशी घडली की आमचे मत बदलले. ती गोष्ट आम्ही तुम्हांला सांगणार आहोत. त्याआधी ही 'पोरे' कोण, ती तिथे का असतात, ते समजून घेऊ.

दवाखाना आणि शाळा एकाच अंगणात

सुतारकी पुस्तकात वाचून येत नाही. रंधा हातात घ्यावा लागतो. पोहणे फळ्यावर शिकवता येत नाही. तसेच वैद्यकीचे आहे. आजार पुस्तकात असतो, पण आजारी माणूस पुस्तकात नसतो. म्हणून जिथे डॉक्टर घडवायचे तिथे दवाखाना लागतो.

मुंबईत ही सोय पहिल्यांदा १८४५ साली झाली. भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले आणि त्याला जोडून जे. जे. रुग्णालय सुरू झाले. १८५१ साली या कॉलेजातून डॉक्टरांची पहिली तुकडी बाहेर पडली. तिच्यात डॉ. भाऊ दाजी लाड होते. ते मूळचे गोव्याकडचे. त्यांनी मुंबईत गरिबांना फुकट औषध दिले. त्या काळी कुष्ठरोग्याला कोणी जवळ उभे करीत नसे. भाऊ दाजींनी त्या रोगावर देशी औषधाचा अभ्यास केला. रोग्याची सेवा करायची आणि त्याच वेळी रोगाचा अभ्यास करायचा, ही वाट त्यांनी दाखवली. भायखळ्याच्या राणीच्या बागेजवळचे वस्तुसंग्रहालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

पुढे परळची गोष्ट. गिरण्यांमुळे इथे लाखो कामगार राहायला आले. दहा बाय दहाच्या खोलीत दहा दहा माणसे राहत. आजार भरपूर, पण जवळ मोठा दवाखाना नव्हता. दुसरीकडे शिकलेल्या हिंदी डॉक्टरांना मोठ्या सरकारी जागा सहसा मिळत नसत. त्या जागा गोऱ्यांच्या. अशा वेळी शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी वैद्यकीय कॉलेजासाठी देणगी दिली. तिला अट घातली की इथे शिकवणारे हिंदीच असले पाहिजेत. मुंबई महापालिकेने रुग्णालय बांधले. १९२६ साली दोन्हींचे काम रीतसर उभे राहिले. डॉ. जीवराज मेहता त्याचे पहिले प्रमुख. तेच पुढे १९६० साली गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले.

एका दगडात दोन पक्षी म्हणतात ना, तसे हे झाले. गिरणी कामगाराला दवाखाना मिळाला आणि आपल्या मुलांना शाळा मिळाली. एकाची गरज दुसऱ्याने भागवली.

पांढऱ्या डगल्यातले कोण कोण?

डगला सगळ्यांचा पांढरा. त्यामुळे आपला गोंधळ होतो. पण त्यांत पायऱ्या असतात.

पहिला विद्यार्थी. तो साडेचार वर्षे शिकतो. तो प्रश्न विचारतो, तपासतो, वहीत लिहितो. औषध ठरवण्याचा अधिकार त्याला नसतो.

दुसरा इंटर्न. शिकून झाल्यावर एक वर्ष त्याला दवाखान्यात आणि आरोग्य केंद्रात राबावे लागते. त्याशिवाय त्याला पक्का परवाना मिळत नाही.

तिसरा निवासी डॉक्टर. हा डॉक्टर झालेलाच असतो. एखाद्या विषयात आणखी तयार होण्यासाठी तो तिथे राहतो. रात्री तीन वाजता तुमच्या माणसाला धाप लागली तर धावत येतो तो बहुधा हाच.

चौथे शिकवणारे मोठे डॉक्टर. ते सकाळी सगळ्यांना घेऊन खाटेखाटेपाशी फिरतात. त्याला 'राउंड' म्हणतात. ते खाटेपाशी पाच मिनिटे उभे राहतात, हे खरे. पण त्या पाच मिनिटांत त्यांना जे सांगितले जाते, ते खालच्या पोरांनी तासभर बसून गोळा केलेले असते.

सेवेतून ज्ञान कसे निघते?

कोणी म्हणेल, "शिकणं त्यांचं, फायदा त्यांचा. आमचा काय?" याला आम्ही मुंबईच्याच दोन गोष्टी सांगतो.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. घरात उंदीर मेला की माणसे हादरत. लोक गाव सोडून पळाले. पळालेल्यांबरोबर रोगही गावोगाव गेला. पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. त्यांनाच प्लेग झाला आणि मार्च १८९७ मध्ये त्या गेल्या. एवढी मोठी सेवा! पण त्या वेळी हातात औषध नव्हते.

त्याच दिवसांत भायखळ्याच्या ग्रँट कॉलेजात एका छोट्या जागेत वाल्डेमार हाफकिन नावाचे शास्त्रज्ञ काम करीत होते. रशियाच्या राज्यात जन्मलेला हा माणूस मुंबईच्या लोकांसाठी प्लेगची लस तयार करीत होता. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्यांना ताप आला, पण ते बरे झाले. मग ती इतरांना टोचली. पुढे १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात आली. तीच आजची हाफकिन संस्था.

यावरून काय दिसते? नुसती सेवा अपुरी पडते, तिला ज्ञानाची जोड लागते. आणि नुसते ज्ञानही पुरे होत नाही. रोग्यांच्या जवळ गेल्यावाचून लस चालते की नाही हे कसे कळणार?

दुसरी गोष्ट रक्ताची. माणसाच्या रक्ताचे चार मोठे गट आहेत. ए, बी, एबी आणि ओ. ओ गटाचे रक्त बहुतेकांना चालते असे मानतात. १९५२ साली मुंबईतले डॉ. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांना काही अशी माणसे सापडली की त्यांना ओ गटाचे रक्तही जुळेना. साध्या तपासणीत त्यांचे रक्त ओ दिसे, पण ते ओ नव्हते. तो एक नवाच गट निघाला. जगभर त्याला आता 'बॉम्बे' गट म्हणतात. मुंबईत साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो. अशा माणसाला फक्त त्याच गटाचे रक्त चालते. दुसरे दिले तर जीव जाऊ शकतो. आज अशा माणसाला रक्त लागले की रक्तपेढ्या आणि रक्तदाते गावोगाव निरोप धाडतात. एखादा तरुण रात्रीच्या गाडीत बसून रक्त द्यायला दुसऱ्या शहरी जातो. रक्त जुळत नाही तेव्हा 'का जुळत नाही?' असे कोणीतरी विचारले, म्हणून आज हे जीव वाचतात.

खाटेपासून उंबरठ्यापर्यंत

पण यात एक कमतरता होती. दवाखान्यात शिकलेला डॉक्टर आजार पाहतो, घर पाहत नाही. मुलाला जुलाब होतात. तो औषध देतो. मूल बरे होऊन घरी जाते, तेच विहिरीचे पाणी पिते आणि महिन्याने परत येते. दोष औषधाचा नाही, विहिरीचा आहे. विहीर पाहायला डॉक्टरने गावात जायला हवे.

ही गोष्ट जाणत्यांना फार पूर्वी पटली होती. १९४६ साली भोर समितीने आपला अहवाल दिला. डॉक्टर नुसता औषध देणारा नको, समाजाचा डॉक्टर हवा, असे तिने सांगितले. त्यासाठी विद्यार्थ्याला तीन महिने रोग टाळण्याचे आणि समाजाच्या आरोग्याचे शिक्षण द्यावे, असेही सुचवले.

१९६९ साली वर्ध्याजवळ सेवाग्रामला डॉ. सुशीला नय्यर यांनी वैद्यकीय कॉलेज काढले. तिथे मुलांच्या प्रत्येक तुकडीला एक गाव नेमून देतात. मुले सुरुवातीलाच त्या गावात राहायला जातात. प्रत्येकाला काही घरे वाटून दिलेली असतात. पुढेही ती त्या घरांची विचारपूस करीत राहतात.

मुंबईतही हे काम चालते. केईएमच्या डॉक्टरांचे एक आरोग्य केंद्र मालाडला मालवणीच्या वस्तीत आहे. शीवच्या रुग्णालयाचे केंद्र धारावीत आहे. धारावीचे लोक त्याला 'छोटा सायन' म्हणतात. तिथे विद्यार्थी गल्लीबोळांतून घरोघर जातात.

आता तर हा सगळ्या देशाचा नियम झाला आहे. २०२१-२२ साली प्रवेश घेतलेल्या मुलांपासून वैद्यकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासूनच काही कुटुंबे 'दत्तक' दिली जातात. वजन, रक्तदाब, लसी, पाणी, संडास यांची तो चौकशी करतो. शिक्षण संपेपर्यंत त्याने त्या कुटुंबांशी नाते ठेवायचे असते. तेव्हा उद्या तुमच्या ओट्यावरही असा एखादा मुलगा किंवा मुलगी वही घेऊन येईल. तो आला तर काय कराल? आम्ही काय केले ते आता सांगतो.

आमची चूक

आम्ही लालबागच्या चाळीत राहत होतो तेव्हाची गोष्ट. तिला आता बारा वर्षे झाली. आमचे चुलतभाऊ, आम्ही त्यांना दादा म्हणतो, गावाहून आले. दादांची उमर गिरणीत गेली होती. गिरणी बंद झाल्यावर ते गावी शेती पाहत होते. दोन महिने खोकला, संध्याकाळी बारीक ताप, अंगावरचा सदरा ढगळ झालेला. आम्ही त्यांना घेऊन परळच्या एका मोठ्या रुग्णालयात गेलो. पहाटे रांग लावली. केसपेपर काढला. नंबर आला तेव्हा समोर एक किडकिडीत मुलगी. वय वीस-बावीस. हातात वही.

तिने विचारायला सुरुवात केली. खोकला कधीपासून? थुंकीत रक्त पडते का? काम काय करीत होता? घरात माणसे किती? खिडक्या किती? आम्ही वैतागलो. आम्ही म्हणालो, "बाई, खिडक्या मोजून काय करणार? मोठे डॉक्टर कुठं आहेत?"

ती हसली. म्हणाली, "येतील हं काका. एवढं एक सांगा. घरात आणखी कोणाला खोकला आहे का?"

दादांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही त्यांच्याकडे पाहिले. गावी दादांची सून दीड महिना खोकत होती. आम्हां दोघांनाही ते ठाऊक होते. पण तिच्या धाकट्या बहिणीचे लग्न जमत होते. घराण्यात क्षय आहे असा बोभाटा झाला तर सोयरीक मोडेल, ही भीती. आम्ही पटकन बोललो, "नाही. कोणाला नाही."

तिने लिहिले, 'नाही'.

दादांना क्षयच निघाला. औषध सुरू झाले. गावच्या आरोग्य केंद्रात ते फुकट मिळू लागले. दोन महिन्यांनी दादा पुन्हा तपासणीला आले. खोकला गेला होता, अंग धरले होते. आम्ही औषधाच्या खिडकीपाशी बसलो होतो. तीच मुलगी तिथून जात होती. ती थांबली. आमच्याशेजारी खाली फरशीवर बसली आणि हळूच म्हणाली, "काका, रागावू नका. त्या दिवशी मी 'नाही' लिहिलं, पण मला ते खरं वाटलं नाही. दादा तुमच्याकडे बघत होते. घरात लहान मूल आहे का?"

आम्ही गप्प बसलो. दादांच्या डोळ्यांत पाणी आले. ते म्हणाले, "आहे गो बाय. तीन वर्षांचा नातू आहे. त्याची आई खोकते. पोरगा माझ्याच मांडीवर असतो."

पुढच्याच आठवड्यात सून आणि नातू दोघांना आणले. सुनेच्या थुंकीत क्षयाचे जंतू सापडले. मुलाच्या मानेला गाठी होत्या. क्षय त्यालाही लागला होता. दोघांनी औषध पुरे केले आणि दोघे बरे झाले. तो मुलगा आता हायस्कुलात जातो. सुनेच्या बहिणीचे लग्नही झाले. सोयरीक मोडली नाही.

पण ते दोन महिने आमच्या एका 'नाही'मुळे फुकट गेले. तीस वर्षांवर आम्ही मुलांना शिकवले की खरे बोलावे. आणि एक मुलगी शिकायला आमच्यापुढे बसली तेव्हा आम्ही तिला खोटा धडा दिला. त्या मुलीने प्रश्न सोडला नाही, म्हणून आमचा नातू राहिला. ती शिकत होती की सेवा करीत होती? आम्हांला त्या दोहोंत फरक सांगता येत नाही.

जाता जाता क्षयाबद्दल दोन शब्द. खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर थुंकी तपासून घ्या. क्षय खोकल्यातून, हवेतून पसरतो. ताट-वाटी वेगळी ठेवल्याने तो थांबत नाही. औषध साधारण सहा महिने घ्यावे लागते. सरकारी केंद्रात ते फुकट मिळते. थोडे बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका. सोडले तर जंतू निर्ढावतात आणि मग साधे औषध लागू पडत नाही. आणि घरातल्या सगळ्यांना, विशेषतः लहान मुलांना, तपासायला न्या.

आपले हक्क, आपले कर्तव्य

विद्यार्थ्याला खरे सांगावे, हे आपले कर्तव्य. पण आपले हक्कही आहेत. तेही ध्यानात ठेवा.

समोर आलेल्याला 'तुम्ही कोण? विद्यार्थी की डॉक्टर?' असे खुशाल विचारा. त्यात अपमान नाही.

बाईला तपासताना दुसरी बाई जवळ असावी, असे सांगता येते. फार गर्दी झाली, लाज वाटली, तर तसे बोला.

एखाद्या नव्या औषधाची पाहणी चालू असेल तर तुम्हांला आधी सगळे समजावून सांगितले पाहिजे. तुमची लेखी संमती घेतली पाहिजे. तुम्ही नको म्हणालात तरी नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. जुन्या काळी असे नियम नव्हते. आज आहेत.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट. आजवर आपल्यापुढे कागद यायचा आणि आपण अंगठा टेकवायचो. त्यात काय लिहिले ते देवाला माहीत. आता तुम्ही वाचायला शिकला आहात. संमतीचा कागद आला तर हातात घ्या. सावकाश वाचा. अडेल तो शब्द विचारा. समजले तरच सही करा. घाईने सही मागणाऱ्याला सांगा, "थांबा हो, मी वाचतोय."

केसपेपर, तपासणीचे कागद, औषधाची चिठ्ठी एका पिशवीत जपून ठेवा. पुढच्या डॉक्टरला तुमच्या आजाराची गोष्ट तेच कागद सांगतात.

शिकणाऱ्यांनाही एक शब्द

हा धडा कदाचित एखाद्या विद्यार्थ्याच्याही हाती पडेल. त्याला आमचे सांगणे एवढेच. बाळा, गावात गेलास की खुर्ची मागू नकोस. ओट्यावर बस. नाव विचार आणि ते लक्षात ठेव. आजीने चहा दिला तर घे. वजन केलेस, रक्त तपासलेस, तर त्याचे उत्तर सांगायला परत जा. लोक प्रश्नांना कंटाळत नाहीत. उत्तर न सांगता निघून जाणाऱ्याला कंटाळतात. तुझ्या वहीत जो आकडा असतो तो कोणाचा तरी नातू असतो.

बंधुभगिनींनो, तुम्ही उतारवयात पाटी घेतलीत. अक्षर गिरवताना हात कापला असेल. कोणी हसलेही असेल. शिकणाऱ्याची अवस्था काय असते, ते तुम्हांला कोणी सांगायला नको. तेव्हा तुमच्या दारी शिकणारा डॉक्टर आला तर त्याला आपल्यातलाच एक समजा. तुम्हीही शिकता आहात, तोही शिकतो आहे. तो तुमचे पाणी तपासेल, तुम्ही त्याचे मन तपासा. खरे सांगा, खरे विचारा. त्यात दोघांचे भले आहे.

विचार करा आणि वर्गात बोला

१. वैद्यकीय कॉलेजाला दवाखाना का लागतो?

२. मुलगी खिडक्या किती हे का विचारीत होती?

३. दादांच्या घरी आजार लपवला तो कोणत्या भीतीने? तुमच्या गावात अशी भीती आहे काय?

४. संमतीच्या कागदावर सही करण्यापूर्वी काय काय करावे?